नावझुल्याच्या रांगेतला कठडा

मित्रांनो, झुल्याच्या रांगेत उभं राहून पाय दुखायला लागले की तुम्ही ज्याच्यावर टेकता, तो जुना लोखंडी कठडा म्हणजे मी. मला कोणी नाव विचारत नाही. मोठी माणसं रेलिंग म्हणतात, लहान मुलं पाइप म्हणतात, आणि मॅनेजर पराग सर कधी माझ्याबद्दल बोललेच तर 'ते पिवळं' एवढंच म्हणतात. तो पिवळा रंगही आता पायांपाशीच उरला आहे. वर, जिथे हात लागतात, तिथे नुसतं घासलेलं लोखंड आहे.

मी थकलो आहे. लोखंड थकतं हे कोणाला पटत नाही, म्हणून माझी हकिकत सांगतो.

पोलादाच्या प्लांटसाठी ओळखल्या जाणाऱ्या भिलाईत लोखंडाचं कौतुक कोण करणार? इथे घरोघरी कोणी ना कोणी प्लांटमध्ये आहे, नाहीतर होता. माझा जन्म प्लांटमध्ये नाही झाला. औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मला पाइप कापून जोडलं. ज्या वेल्डरने मला जोडलं त्याचं नाव मला कधी कळलं नाही. पण एक आठवतं. प्रत्येक जोड घासून झाल्यावर तो त्यावरून आपला उघडा तळहात फिरवायचा. कुठे खरखर लागली तर पुन्हा घासायचा. शेजारच्याने विचारलं तेव्हा म्हणाला, ये बच्चों के लिए है. तेवढ्यावरून मला माझं काम समजलं.

जुनवानीच्या पुढे, रस्त्याला लागून, किलबिल पार्क उघडलं तेव्हा मला तिथे आणून सिमेंटमध्ये पक्कं केलं. समोर मोठी नाव होती, दोन्ही टोकांना मोराची तोंडं असलेली. ती मागेपुढे झुलायची आणि वरच्या टोकाला गेली की आतले सगळे एका आवाजात ओरडायचे. त्या नावेपर्यंत लोकांना नागमोडी वळवत नेणं हे माझं काम. सुरुवातीची वर्षं फार चांगली गेली. प्लांटच्या क्वार्टरमधली कुटुंबं डबे घेऊन येत. मुलं माझ्याखालून वाकून पुढे पळत आणि आया त्यांना दंडाला धरून मागे आणत. एकदा एका नव्या नवरीने माझ्यावर हात ठेवून फोटो काढला. तिच्या मेंदीचा वास किती तरी वेळ माझ्यावर राहिला होता.

तेव्हा माझ्यावर दारूबंदीची पाटी नव्हती. ती कशी आली ते सांगतो.

नाव चालवणारा माणूस लहानू. तो नंदिनी नगरहून मोटारसायकलने येतो, आजही. एका सहलीत आलेला माणूस चांगलीच दारू घेऊन नावेत बसला आणि चालू नावेत समोरचा सुरक्षेचा दांडा वर करून उभा राहिला. लहानूने ब्रेक लावला. कोणाला काही झालं नाही. तो माणूस हसत उतरला, मित्रांच्या पाठीवर थापा मारत निघून गेला. लहानू मात्र तडक पराग सरांकडे गेला. मग माझ्या अंगात चार भोकं पाडून एक पाटी बसवली. शराब पीकर लाइन में न लगें. लाइन में शराब पीना मना है. ऐसे मेहमानों को बाहर किया जाएगा. त्याखाली मुलांच्या उंचीची एक लाल रेघ, आणि रेघेहून लहान मुलासोबत मोठं माणूस हवं, असं लिहिलेलं.

पाटी लागली, पण पाटीला हात नसतात. लोक ती वाचत आणि तिच्याखालीच उभं राहून थंड पेयाच्या बाटलीतून पीत. बाटलीवर नाव संत्र्याच्या सरबताचं, आत भलतंच. मी तर सगळं ओळखायचो. थकलेली बाई टेकते तेव्हा थोडा वेळ टेकते आणि सरळ होते. प्यायलेला माणूस टेकला की तो आपलं सगळं वजन देऊन टाकतो आणि ते परत उचलायचं विसरतो. तसली वजनं सोसून माझे पाय सिमेंटमध्ये हलू लागले. भोकांतून पाणी शिरून आतून गंज धरला. इकडे कोणी पाहिलं नाही. वरचा रंग दोनदा मारला, तोही वरवर.

मग संघमित्रा आली.

रुआबांध्याला राहणारी, तिशी ओलांडलेली बाई. नवरा रेल्वेत मालगाडीवर, आज दुर्ग तर उद्या नागपूर. घरी आठ वर्षांची मुलगी खुशबू आणि वडील पंजाबराव. पंजाबरावांनी सगळी नोकरी प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, कोळशाच्या भट्टीसमोर, काढली होती. बायको, शेवंता, गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले. खुशबूला शाळेतून आणणं, खाऊ घालणं, तिचा अभ्यास घेणं, हे सगळं त्यांच्याकडे होतं. त्यांच्या भरवशावरच संघमित्रा कामाला येऊ शकत होती.

तिला रांगेच्या तोंडाशी, माझ्या पहिल्या वळणावर उभं केलं. ती कोणावर ओरडायची नाही. प्रत्येकाशी दोन शब्द बोलायची. कुठून आलात, गर्मी किती आहे, मुलं किती आहेत. उत्तर देताना तोंड उघडलं की तिला कळायचं. मग ती हळूच म्हणायची, "भैया, आज नहीं. तिकीट रख लो, दूसरे दिन चलेगा. नाव कहीं नहीं जा रही." बहुतेक लोक मान खाली घालून बाजूला होत. काही वाद घालत. एकाने तिला विचारलं होतं की तू काय पोलीस आहेस का. ती म्हणाली होती, "नाही, मी मम्मी आहे." मागचे लोक हसले आणि तो माणूसही हसून निघून गेला.

ती आल्यापासून मला जरा बरं वाटू लागलं. लहानूही निवांत नाव चालवायचा.

मग तो रविवार आला. खुशबूचा वाढदिवस. संघमित्राला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून पंजाबराव नातीला घेऊन पार्कमध्ये येणार असं ठरलं होतं. नवा हिरवा फ्रॉक घालून खुशबू येणार आणि आजोबांसोबत नावेत बसणार, हे संघमित्राने लहानूला सकाळीच सांगून ठेवलं होतं.

दुपारी चार-पाच तरुण आले. त्यांच्या तोंडाला दारूचा वास येत होता. त्यांच्यातला एक म्हणाला की त्याचे काका ठेकेदार आहेत आणि मॅनेजरला ओळखतात. संघमित्राने त्यांना नेहमीसारखंच थांबवलं. ते गेले नाहीत. माझ्या बाहेरच्या बाजूला टेकून ती पुढे कोणाकोणाला सोडते ते पाहत उभे राहिले.

त्याच रांगेत थोड्या वेळाने पंजाबराव आले. पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले, एका हाताने नातीचा हात धरलेला. दुसरा हात त्यांनी माझ्यावर ठेवला आणि त्या हातावरून मला कळलं. पाऊल सरळ पडत होतं, बोलणंही स्वच्छ होतं. पण वजन उचलायचं ते विसरले होते.

रांग पुढे सरकली. ते लेकीसमोर आले. खुशबूने आईला तिकिटं दाखवली. संघमित्राने वडिलांकडे पाहिलं आणि तिचा हात तिकिटांपर्यंत जाऊन थांबला.

"बाबा, तुमी लाइनीच्या बाहेर या," ती म्हणाली.

"कावून?"

"तुमाले मालूम आहे कावून."

मागची माणसं वाट पाहत होती. पंजाबराव लेकीला घरच्या लाडक्या नावाने हाक मारत खालच्या आवाजात म्हणाले, "वाढदिवस आहे पोरीचा, मित्रा. मी कोणाले धक्का मारला का? कोणाले शिवी देल्ली का?"

"नाही देल्ली. पण नाव वर गेल्यावर तुमी तिले धराल, का तिनं तुमाले धरायचं?"

बाहेर उभ्या असलेल्या तरुणांना सगळी भाषा कळली नसेल, पण बाबा हा शब्द कळला. त्यांच्यातला एक मोठ्याने म्हणाला की बघू या, आता स्वतःच्या बापाला बसवते की नाही. रांगेतली सगळी तोंडं पंजाबरावांकडे वळली. जन्मभर भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस, पण त्या नजरांसमोर त्यांना उभं राहवेना. त्यांनी नातीचा हात सोडला आणि माझ्या कडेकडेने, रांगेच्या उलट दिशेने, एकेकाला वाट मागत बाहेर गेले.

रांगेतल्या एका बाईने खुशबूला आपल्यासोबत बसवते म्हटलं. खुशबूने नाही म्हणून मान हलवली. तिने आईकडे पाहिलं, रडली नाही. तिकिटं माझ्यावर ठेवली आणि आजोबांच्या मागे धावली. वाऱ्याने ती तिकिटं खाली पडली. संघमित्राने ती उचलून खिशात ठेवली, आणि पुढच्या माणसाला विचारलं, कहाँ से आए हैं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. फक्त तिने मला इतकं घट्ट धरलं होतं की तिच्या बांगडीची कडा माझ्या लोखंडावर घासत होती.

मित्रांनो, एखाद्याने नियम पाळला की त्याची पाठ थोपटतात असं तुम्ही पुस्तकात वाचत असाल. तिच्या बाबतीत तसं झालं नाही.

घरी पंजाबराव तिच्याशी बोलेनासे झाले. हे ती लहानूला सांगायची, दुपारी रांग रिकामी असली की. ते खुशबूला शाळेतून आणत, जेवू घालत, पण लेक घरात आली की भिंतीकडे तोंड करून पडून राहत. दारू सुटली नव्हती. फक्त आता ते लपून घेत. लहानूने विचारलं की ताई, तुम्हाला पस्तावा होतो का. ती म्हणाली, "पस्तावा नाही होत, भाऊ. पण घरी गेल्यावर चांगलंही नाही वाटत."

इकडे त्या तरुणाच्या काकांचा फोन पराग सरांना आला. पराग सर वाईट माणूस नव्हेत. पण थंडीचे दिवस आले होते, सहलींच्या बसेस येणार होत्या, आणि बसभर माणसं नाराज होऊन गेली तर पार्क कसं चालणार हा त्यांना घोर. त्यांनी संघमित्राला गाड्यांच्या पार्किंगवर पाठवलं. तिच्या जागी रोशन नावाचा गार्ड आला. त्याला एवढंच सांगितलं होतं की रांग थांबता कामा नये. रोशन सांगितलेलं काम करायचा. तो कोणाशी बोलत नसे. हात हलवून पुढे जायला सांगे.

जानेवारीतल्या एका रविवारी ते घडलं. त्या दिवशी पार्कमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एका सहलीतली माणसं माझ्या दुसऱ्या वळणावर उभी होती. बाटली हातोहात फिरत होती. रोशनने ती पाहिली आणि नजर वळवली. रांग अडली, तशी त्यांची चुळबुळ सुरू झाली. आधी गंमत म्हणून एकमेकांना ढकलत होते. मग मागच्याने जोरात ढकललं आणि पाच-सहा जण एकदम माझ्यावर कोसळले. माझा पाय सिमेंटमधून सुटला. मी आडवा झालो आणि माझ्यासोबत माझ्यावर टेकलेली सगळी माणसं खाली आली.

सगळ्यांच्या खाली कमला होती. दुर्गहून सुनेसोबत आलेली, साठीची बाई. ती नावेत बसणारही नव्हती, सुनेला एकटीला रांगेत कंटाळा येईल म्हणून सोबत उभी होती. तिचा हात मनगटापाशी मोडला. तिचं कण्हणं मी अगदी जवळून ऐकलं, कारण तो हात माझ्याखाली होता.

नाव तेव्हा थांबलेली होती. सगळ्यांना वाटतं की दारूचा धोका झुल्यावर आहे, उंच गेल्यावर आहे. मी सांगतो, धोका जमिनीवर, रांगेतच उभा असतो. झुल्यावर निदान दांडा असतो. रांगेत एका माणसाचा आधार दुसरा माणूस असतो, आणि त्यातला एक ढासळला की त्याच्या पुढचं आणि मागचं माणूसही जातं.

पार्किंगमधून सगळ्यात आधी संघमित्रा धावत आली. तिने लोकांना बाजूला केलं, कमलाचा हात आपल्या ओढणीत बांधला. पराग सर स्वतःच्या गाडीतून त्या बाईला दवाखान्यात घेऊन गेले आणि तिच्या हाताला प्लास्टर होईपर्यंत तिथून हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते पार्किंगमध्ये गेले आणि संघमित्राला म्हणाले की परत रांगेवर या.

ती लगेच हो म्हणाली नाही. ती त्यांना आडव्या पडलेल्या माझ्यापाशी घेऊन आली आणि तिने सांगितलं की नियम सगळ्यांना सारखा राहील, बसवाल्यांना आणि ओळखीच्यांनाही. रोशनला ती शिकवेल आणि तो तिच्या जोडीला राहील. आणि आणखी एक.

"ज्याले आपण लाइनीतून काढतो तो कुठं जाईन, सर? रोडवर? त्याच्यासाठी बाहेर एक बाक ठेवा. सावलीत. पाण्याचा माठ ठेवा. त्यालेही घरचे लोक असतात, ते झुल्यावर असतात."

हे सांगताना ती कोणाबद्दल बोलत होती, ते पराग सरांना माहीत नसावं. लहानूला माहीत होतं. तो दुसरीकडे पाहत होता.

मला उचललं, पुन्हा जोडलं, पुन्हा सिमेंटमध्ये रोवलं. या वेळच्या वेल्डरने घाई केली. माझा एक पाय किंचित तिरका बसला आहे आणि एक जोड अजून खरखरीत आहे. बाक मात्र चांगला आला. कडुनिंबाखाली, माझ्या बाहेरच्या टोकापासून दोन पावलांवर. रोशनही आता लोकांशी बोलतो. आधी लाजायचा.

उन्हं तापायला लागली होती तेव्हाची गोष्ट. एका रविवारी, सकाळच्या गर्दीत, मला खुशबू दिसली. एकटी रांगेत आली होती. पहिल्या वळणावर येऊन आईला म्हणाली की आबाजी आले आहेत, पण ते लाइनीत येत नाही म्हणतात. ते तिकडे बसले आहेत.

संघमित्राने बाकाकडे पाहिलं. पंजाबराव बसले होते. पांढरा शर्ट, नीट विंचरलेले केस, नातीची पाण्याची बाटली मांडीवर. इतके महिने त्यांनी पार्ककडे पाठ केली होती. तिने रोशनला जागा दिली आणि त्यांच्याजवळ गेली. बाक माझ्या टोकाशीच असल्यामुळे मला ऐकू आलं.

"सकाळी घेतली," पंजाबराव म्हणाले. ते तिच्याकडे पाहत नव्हते. "आज घ्यायची नाही म्हणून उठलो होतो. नाही जमलं. तुले विचारायचं काम पडू नये म्हणून आधीच सांगून राहिलो."

संघमित्रा उभीच राहिली. मला वाटलं ती रागावेल. नातीला अशा अवस्थेत इतक्या लांब आणलं म्हणून रागावण्यासारखंच होतं. पण इतक्या महिन्यांनी ते तिच्याशी बोलले होते, आणि जे बोलले ते खरं होतं.

"पोरीले कसं आणलं?" तिने विचारलं.

"शेजारणीच्या ॲटोत. मी स्कूटर नाही चालवली."

तिने माठातून पेला भरून त्यांच्या हातात दिला. "पाणी प्या, बाबा."

ते पाणी प्यायले. मग पेला परत देत म्हणाले, "तिच्यासंग तू बस. मी इथून पाहतो."

मित्रांनो, इतके दिवस नावेसमोर उभी राहून संघमित्रा एकदाही नावेत बसली नव्हती. हे माझ्याही त्याच दिवशी लक्षात आलं. लहानूने नाव थांबवून धरली. मायलेकी नावेतल्या मधल्या बाकावर बसल्या, लहानूने दांडा दोनदा ओढून पाहिला आणि नाव सुटली. पहिल्या झोक्याला संघमित्राने डोळे मिटले. तिसऱ्या झोक्याला तीही इतरांसारखीच ओरडली. लहानू हसू लागला. खुशबू वर गेली की बाकाकडे हात हलवायची, आणि पंजाबराव प्रत्येक वेळी हात वर करायचे. एकदाही चुकले नाहीत.

खाली उतरल्यावर खुशबू धावत त्यांच्याकडे गेली. पुढच्या वेळी तुम्ही बसाल का, असं तिने विचारलं. तिचे विस्कटलेले केस पंजाबरावांनी हाताने मागे सारले.

"बसीन असं म्हणत नाही," ते म्हणाले. "खोटं होईन. पण येईन तुझ्यासंग."

संघमित्रा तोवर आपल्या जागेवर परत गेली होती. त्यानंतर पंजाबराव तीन-चारदा आले. एकदा रांगेत उभे राहिले, लेकीने विचारलं तेव्हा तोंड उघडून उत्तर दिलं आणि नातीसोबत नावेत बसले. बाकीच्या वेळी बाकावर. पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही.

माझं मागणं फार नाही. माझ्यावर रंगाचा एक हात मारला, तो खरखरीत जोड घासला, तर बरं होईल. नाही मारला तरी मी उभा राहीन. थकलात तर माझ्यावर टेका, मी त्यासाठीच आहे. मुलांनो, तुम्ही माझ्याखालून वाकून पळालात तरी मी काही म्हणत नाही. पण मोठ्या माणसांना घरी जाऊन एवढं सांगा. थोडीशीच घेतली आहे, आपण शुद्धीत आहोत, असं वाटत असलं तरी रांगेत येऊ नका. रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बाईला विचारायला लावू नका. कडुनिंबाखाली बाक आहे. तिथे सावली आहे, थंड पाणी आहे, आणि तुमचं लेकरू नावेतून हात हलवतं ते तिथूनही स्पष्ट दिसतं.